सुईणींना शिकवायला घेताना: प्रसूतीच्या खोलीतच करायच्या सरावाची मार्गदर्शिका

टांझानियातल्या हायडम इथल्या रुग्णालयात, जन्मताच न रडलेल्या बाळाला श्वास घ्यायला मदत कशी करायची, याचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. काही महिन्यांनी बाहुलीवर परीक्षा घेतली तेव्हा सगळ्यांचे हात आधीपेक्षा चांगले चालले. प्रसूतीच्या खोलीत मात्र खऱ्या बाळांवरचे उपचार सुधारलेले दिसले नाहीत. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पुढे तिथेच, कामाच्या जागी, थोड्या थोड्या मिनिटांचा सराव वारंवार सुरू झाला. २०१५ साली आलेल्या अभ्यासात जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांतले बालमृत्यू कमी झालेले दिसले.

सुईणींच्या प्रशिक्षणाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आली असेल, तर या दोन अभ्यासांपासून सुरुवात करा. मोठ्या सभागृहातली कार्यशाळा, फलक, जेवण, प्रमाणपत्रं यांत खूप पैसा आणि जीव जातो. त्यातला बराचसा प्रसूतीच्या टेबलाशेजारी दहा-दहा मिनिटांच्या सरावावर लावला, तर तो बाळंतिणीपर्यंत आणि बाळापर्यंत पोचतो.

सुईण म्हणजे इथे रीतसर शिकलेली मिडवाइफ, प्रसविका किंवा प्रसूती कक्षातली सिस्टर. इंटरनॅशनल कॉन्फेडरेशन ऑफ मिडवाइव्ह्जच्या निकषांनुसार तिचं मूळ शिक्षण थेट प्रवेश असेल तर किमान ३ वर्षांचं आणि नर्सिंगनंतर असेल तर किमान १८ महिन्यांचं हवं, आणि त्यातला किमान निम्मा वेळ प्रत्यक्ष कामात जायला हवा. पुढे सांगितलेला सराव त्या शिक्षणाला पर्याय नाही. शिकलेलं हातात टिकवण्यासाठी तो आहे. औषधांचे डोस जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींवर बेतलेले आहेत. तुमच्याकडच्या लेखी नियमावलीशी ताडून पाहा आणि मगच भिंतीवर लावा.

पायरी १: आधी रजिस्टर उघडा

मागच्या सहा महिन्यांचं प्रसूतीचं रजिस्टर, पुढे पाठवलेल्या बायकांच्या नोंदी आणि मृत्यूंची कागदपत्रं घेऊन बसा. कागदावर चार रकाने आखा: बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, रक्तदाब आणि झटके, न रडलेली बाळं, जंतुसंसर्ग. एकेक नोंद कुठल्या रकान्यात जाते ते मांडत जा. जो रकाना सगळ्यांत भरेल तो विषय पहिला घ्या. दुसरा विषय दोन महिन्यांनी. सगळं एकदम शिकवायला गेलं की प्रत्येकीच्या वाट्याला प्रत्येक कृती एकदाच येते, आणि एकदा केलेली कृती रात्री तीन वाजता आठवत नाही.

मग दोन-तीन पाळ्या प्रसूतीच्या खोलीत नुसतं बघत उभं राहा. त्यातली एक पाळी रात्रीची हवीच. जीव धोक्यात असेल तर अर्थातच हात लावायचा. एरवी बोलायचं नाही, सुधारायचं नाही, फक्त लिहायचं. बाळ बाहेर येण्याआधी ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळणारं औषध, सिरिंजमध्ये भरलेलं होतं का? बाळाला हवा द्यायची बॅग आणि मास्क जोडून तपासलेले होते, की कपाटात पिशवीत बांधलेले? बाळाला पुसायला हात कितव्या सेकंदाला लागला? वार पडल्यानंतरच्या पहिल्या तासात गर्भाशय घट्ट आहे का हे किती वेळा चाचपलं? रजिस्टरमध्ये रक्तस्रावाच्या रकान्यात ओळीने ‘२०० मिली’ लिहिलेलं दिसलं, तर रक्त कुणी मोजत नाही असं समजायला हरकत नाही.

या नोंदींत कुणाचंही नाव लिहू नका. नाव लिहिलेला कागद एकदा बाहेर गेला की त्यानंतर कुणी तुमच्यासमोर मोकळेपणानं काम करणार नाही.

पायरी २: माणसं आणि सामान

एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त सहा जणी आणि एका बाहुलीमागे दोघी, हे प्रमाण पाळा. दोघींपैकी एक करते, दुसरी घड्याळ आणि यादी हातात घेऊन बघते, मग अदलाबदल. बघणारीही शिकत असते. कधी कधी तर जास्तच.

बाळासाठीच्या सरावाला छाती हलणारी बाहुली, नवजात बाळाची बॅग, मास्क दोन मापांचे (पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबर, लहानग्या बाळाला ० नंबर), तोंडातला स्राव काढायचा पंप, दोन कोरडी फडकी, टोपी, नाळेचे चिमटे, कात्री आणि सेकंदकाटा असलेलं मोठं घड्याळ लागतं. बाहुली विकतचीच हवी, कारण छाती हलली की नाही हे दिसलं नाही तर या सरावाला अर्थ उरत नाही.

रक्तस्रावाचं सामान मात्र हातानं बनवता येतं. पाण्यात थोडं कॉर्नफ्लोर शिजवून, गार करून लाल खाद्यरंग मिसळला की रक्ताच्या जवळपास जाणारा दाटपणा येतो. गर्भाशयासाठी जाड कापडाची पिशवी शिवा: आत स्पंज भरला की ते सैल लागतं, घडी घातलेला टॉवेल कोंबला की घट्ट. वारेसाठी गोल गादी शिवून तिचा एक तुकडा वेल्क्रोनं जोडा. सरावाच्या वेळी हा तुकडा गुपचूप काढून ठेवायचा. वार नीट उलटसुलट करून तपासणारीलाच तो कमी आहे हे कळतं, बाकीच्या वार तशीच बादलीत टाकतात. वारेचा राहिलेला तुकडा किती रक्त वाहवतो, हे त्यानंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ३: न रडणारं बाळ

पहिलं मिनिट हेच सगळं. जन्मापासून ६० सेकंदांच्या आत बाळ स्वतः श्वास घ्यायला लागलं पाहिजे, नाहीतर बॅगनं त्याला हवा मिळायला लागली पाहिजे. सरावाची सुरुवात मात्र जन्माआधी होते. खोलीतला पंखा आणि वाऱ्याचा झोत बंद, खोली किमान २५ अंश उबदार, आणि बॅग तपासलेली. बॅग तपासायची रीत अशी: मास्क तळहातावर घट्ट दाबून बॅग पिळा. तळहाताला दाब जाणवला पाहिजे. आणखी जोरात पिळल्यावर झडप उघडल्याचा आवाज आला पाहिजे. सोडल्यावर बॅग पटकन फुगली पाहिजे. पाच सेकंदांचं काम आहे. ते प्रत्येक प्रसूतीआधी व्हायला हवं, अगदी सगळं सुरळीत दिसत असलं तरी.

मग क्रम:

१. बाळ आईच्या पोटावर घेऊन कोरड्या फडक्यानं डोकं, पाठ, हातपाय जोरकस पुसा. ओलं फडकं बाजूला टाका, दुसरं कोरडं पांघरा.

२. रडतंय का? रडत असेल तर आईच्या उघड्या छातीवर कातडीला कातडी लागेल असं ठेवा. नाळ १ ते ३ मिनिटांनी बांधा. पहिल्या तासात अंगावर पाजायला मदत करा.

३. रडत नसेल तर डोकं सरळ करा. तोंडात स्राव दिसत असेल तरच काढा. पाठीच्या कण्यावरून दोन-तीनदा हात चोळा.

४. तरीही श्वास नाही, किंवा नुसते आचके आहेत, तर बॅग-मास्क लगेच.

आता मास्क. या सरावातला सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण चुका इथेच होतात. मास्कनं हनुवटीचं टोक, तोंड आणि नाक झाकलं पाहिजे, डोळे नाही. अंगठा आणि तर्जनी मास्कच्या वर गोल धरतात. मधलं बोट हनुवटीच्या हाडाखाली जाऊन हनुवटी वर उचलतं. नवख्या हाताची बोटं हाडावरून घसरून गळ्याच्या मऊ भागात जातात आणि तिथे दाब पडला की श्वासमार्गच बंद होतो. दुसरी चूक मानेची. मान पुढे झुकलेली असेल तर हवा जात नाही, आणि खूप मागे ताणली तरीही जात नाही. नाक छताकडे बघत असेल तेवढाच कल ठेवायचा. खांद्याखाली फडक्याची पातळ घडी ठेवली की तो सापडतो. प्रशिक्षकानं आपला गाल मास्कच्या कडेजवळ न्यावा. हवा निसटत असेल तर ती गालाला लागते, बहुतेक वेळा नाकाच्या पुलाशी. तिथल्या तिथे शिकणारीचा गाल जवळ आणून तिलाही जाणवू द्या.

वेग मिनिटाला ४० ते ६०. मोठ्यानं ‘पिळा… दोन… तीन… पिळा… दोन… तीन’ म्हणायला लावा. ‘पिळा’ला पिळायचं, ‘दोन-तीन’ला सोडायचं. घाबरलेला हात १०० च्या वेगानं चालतो आणि बाळाला हवा बाहेर सोडायला वेळच मिळत नाही. बॅग पूर्ण चिरडायची गरज नसते, छाती हळुवार उचलली गेली की पुरे. मात्र छाती हललीच पाहिजे. हलत नसेल तर याच क्रमानं करा: डोकं पुन्हा नीट ठेवा, मास्क पुन्हा बसवा, तोंड-नाक तपासून स्राव काढा, तोंड किंचित उघडा, आणि तरीही हलली नाही तर जरा जोरात पिळा. हे पाच उपाय न चुकता तोंडपाठ हवेत, कारण त्या क्षणी भिंतीवरचा तक्ता वाचायला कुणाला फुरसत नसते.

पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनं होते. ऑक्सिजनचा सिलिंडर शोधण्यात मिनिट गेलं तर त्या ऑक्सिजनचा उपयोग नाही. बाळाला उलटं टांगणं, पाठीवर चापट मारणं, गार पाणी शिंपडणं हे कुणी करताना दिसलं, तर रागावू नका. त्या जागी काय करायचं ते तिच्याच हातून करून घ्या. बॅग एक मिनिट चालवली की नाळेच्या मुळाशी ठोके मोजा: सहा सेकंदांतले ठोके गुणिले दहा. शंभराच्या वर ठोके आणि बाळाचा स्वतःचा श्वास, दोन्ही मिळेपर्यंत बॅग थांबवायची नाही.

बॅग मध्येच थांबवून पुन्हा पुन्हा स्राव काढत बसणं ही फार महागडी सवय आहे. सरावात सेकंद मोजा आणि संपल्यावर तिला नुसता आकडा सांगा: ‘बॅग १८ सेकंद बंद होती.’ त्यापुढे भाष्य नको.

पायरी ४: रक्त मोजायचं, अंदाज बांधायचा नाही

खोलीत सहा ठिकाणी खोटं रक्त मांडा: भिजलेला पॅड, चादरीवरचा डाग, ट्रेमधलं रक्त, फरशीवरचं थारोळं, बादलीत पाण्यात मिसळलेलं रक्त, गुठळ्या. प्रत्येक ठिकाणी किती ओतलं ते मापून तुमच्याकडे लिहून ठेवा. सगळ्यांना एकमेकींशी न बोलता आपापला अंदाज लिहायला सांगा आणि मग खरे आकडे वाचा. डोळ्याचा अंदाज बहुतेक वेळा कमी पडतो, आणि रक्त जितकं जास्त तितका तो आणखी कमी पडतो. अनुभवी सिस्टरही इथे चुकतात, तेव्हा त्यांचा मान राखून मोजण्याकडे वळा.

मोजायच्या रीती दोन. वजन: १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. कोरडं फडकं १२० ग्रॅम होतं आणि भिजल्यावर ४७० भरलं, तर ३५० मिली रक्त गेलं. कोरड्या फडक्याचं वजन आधीच भिंतीवर लिहून ठेवा. दुसरी रीत, मापाच्या खुणा असलेला ड्रेप, म्हणजे रक्त गोळा करायची प्लास्टिकची पिशवी: बाळ बाहेर आलं की तो बाईखाली सरकवायचा, गर्भजल त्यात येऊ द्यायचं नाही, आणि दर १५ मिनिटांनी खूण वाचायची.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर झालेला ई-मोटिव्ह अभ्यास २०२३ साली आला. ड्रेपनं मोजणं आणि उपचार एकत्र देणं सुरू केलेल्या रुग्णालयांत रक्तस्राव वेळेवर ओळखण्याचं प्रमाण ९३ टक्के होतं. नेहमीच्या पद्धतीनं चालणाऱ्या ठिकाणी ते ५१ टक्के होतं. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावानं मृत्यू, अशा गंभीर घटना ६० टक्क्यांनी घटल्या. त्या अभ्यासातलं प्रत्येक औषध आधीपासूनच ठाऊक होतं.

सरावाची सुरुवात प्रतिबंधापासून करा. बाळ जन्मलं, पोटात दुसरं बाळ नाही हे हातानं तपासलं, आणि एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. वार ओढून काढायची नाही. गर्भाशय आवळलं की एका हातानं ओटीपोटाच्या हाडावर गर्भाशयाला वरच्या दिशेनं आधार देत दुसऱ्या हातानं नाळ हलके खाली घ्यायची. आधाराचा हात विसरून नाळ ओढली तर ती तुटू शकते किंवा गर्भाशय उलटून बाहेर येऊ शकतं. मग वार तपासायची, आणि दोन तास दर १५ मिनिटांनी गर्भाशयावर हात.

५०० मिली झाले, किंवा त्याआधीच नाडी वाढली, रक्तदाब उतरला, धार लागली, तर आरोळी. इथून पुढे एकामागून एक उपाय करून वाट बघायची नाही, सगळे एकत्र सुरू करायचे:

– गर्भाशय चोळणं, घट्ट होईपर्यंत.
– ऑक्सिटोसिन १० युनिट शिरेतून सावकाश, आणि पुढे २० युनिट १ लिटर सलाईनमध्ये.
– रक्त थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून १० मिनिटांत, जन्मापासून ३ तासांच्या आत. अर्ध्या तासानंतरही रक्त थांबलं नाही तर आणखी एकदा.
– शिरेतून सलाईन.
– तपासणी: पोटातली लघवीची पिशवी (मूत्राशय) भरलेली आहे का, वारेचा तुकडा राहिलाय का, फाटलंय का. आणि वरिष्ठांना हाक.

लघवीची पिशवी ही विसरली जाणारी हमखास गोष्ट. ती भरलेली असेल तर गर्भाशय वर सरकतं आणि आवळतच नाही. कॅथेटर घातला की कधी कधी तेवढ्यानंच रक्त थांबतं. गर्भाशय दगडासारखं घट्ट आहे आणि तरीही ताजं लाल रक्त वाहतंय, तर चोळत बसू नका, जखम शोधा.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची अँप्यूल पाठीच्या कण्यात द्यायच्या भुलीच्या औषधासारखी दिसू शकते, आणि ती चुकून कण्यात दिल्यानं जीव गेलेले आहेत. दोन्ही औषधं एका ट्रेत, एका खणात ठेवू नका, आणि टोचण्याआधी लेबल मोठ्यानं वाचायची सवय सरावातच लावा.

दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरण्याचा सराव घ्याल तेव्हा घड्याळ लावा आणि पूर्ण पाच मिनिटं धरायला लावा. दोन मिनिटांत मनगट थरथरायला लागतं. मग ‘सिस्टर, माझा हात दमला, तुम्ही घ्या’ हे म्हणणं आणि हात न सोडता जागा बदलणं, हेही शिकण्यातच येतं.

हा सराव खऱ्या प्रसूतीच्या खोलीत, खऱ्या पाळीत, आधी न सांगता एकदा तरी करा. एक जण बाळंतीण होऊन पडते, प्रशिक्षक नळीतून रक्त सोडतो. मग कळतं की ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं म्हणून फ्रिजमध्ये आहे, फ्रिजला कुलूप आहे, आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरबरोबर घरी गेली आहे. सभागृहातल्या कुठल्याही कार्यशाळेत ही किल्ली सापडत नाही. अशी प्रत्येक अडचण लिहून घ्या आणि ती कोण, कोणत्या तारखेपर्यंत सोडवणार ते नावानिशी ठरवा.

पायरी ५: रक्तदाब, झटके आणि मॅग्नेशियमचं गणित

रक्तदाब १४०/९० किंवा जास्त म्हणजे सावध, १६०/११० म्हणजे तातडी. पट्टा हृदयाच्या उंचीवर, बाई बसलेली किंवा कुशीवर, बोलत नसताना.

मॅग्नेशियम सल्फेट झटक्यांवरचं पहिलं औषध आहे, पण घाबरलेल्या माणसाला त्याचं गणित जमत नाही, म्हणून ते आधीच हातात बसवायचं. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतं. शिरेतून ४ ग्रॅम द्यायचे: ४ अँप्यूल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली निर्जंतुक पाणी, एकूण २० मिली, किमान ५ मिनिटांत सावकाश. त्यानंतर प्रत्येक ढुंगणात खोल ५ ग्रॅम, म्हणजे १० मिली, त्याच सिरिंजमध्ये २ टक्के लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) १ मिली घेऊन. एकूण १४ अँप्यूल. एकटीनं १४ अँप्यूल फोडून भरायला किती मिनिटं लागतात ते सरावात मोजा. बहुतेक ठिकाणी तिथेच ठरतं की दोघी लागतात, आणि १४ अँप्यूल, पाणी, सिरिंजा आणि लिग्नोकेन एकाच डब्यात बांधून ठेवायचे. अँप्यूलची ताकद कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून नवा साठा आला की डब्यावरचं गणित पुन्हा लिहायचं.

पुढे दर ४ तासांनी ५ ग्रॅम, पण त्याआधी तीन तपासण्या: श्वास मिनिटाला किमान १६, गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतो, आणि मागच्या ४ तासांत लघवी तासाला किमान ३० मिली. एकही जमत नसेल तर डोस थांबवा. श्वास मंदावला तर कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांचं १० मिली, शिरेतून सावकाश. ते त्याच डब्यात हवं.

पायरी ६: बाईशी बोलणं, हेही कौशल्य

हा भाग वेगळ्या व्याख्यानात ढकलू नका. प्रत्येक सरावात बाळंतीण झालेल्या सहकारणीशी बोलायचंच: ‘ताई, रक्त जरा जास्त जातंय, पोट चोळते, दुखेल थोडं. मी इथेच आहे.’ सराव संपल्यावर पहिलं बोलायची पाळी तिची. टेबलावर पाय वर करून पडलं असताना कुणीही आपल्याकडे न बघता आपल्या डोक्यावरून बोलतंय, हे कसं लागतं ते ती स्वतः सांगते, आणि ते ऐकून पुष्कळ जणी बदलतात.

काय बंद व्हायला हवं ते स्पष्ट सांगा: ओरडणं, मांडीवर चापट, पोटावर जोर देऊन बाळ ढकलणं, सरसकट योनीमार्गाला चीर देऊन टाके घालणं, झाकायला कापड न देता आतून तपासणं, न विचारता तपासणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार प्रत्यक्ष कळांचा जोर गर्भाशयाचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यापासून धरतात, त्यामुळे ४ सेंटीमीटरवर ‘पुढे सरकत नाही’ म्हणून घाई करायची नाही. आतून तपासणी साधारण ४ तासांनी. बाळाचे ठोके पहिल्या टप्प्यात १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर करताना दर ५ मिनिटांनी. सोबतीला तिच्या पसंतीचं माणूस. नोंदीसाठी २०२० साली आलेला लेबर केअर गाइडचा कागद वापरत असाल, तर प्रसूती झाल्यावर एकदम भरलेला कागद स्वीकारू नका.

पायरी ७: वेळापत्रक आणि नंतरची चर्चा

पहिले एक-दोन दिवस मूळ प्रशिक्षण. त्यानंतर पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा १० मिनिटं, पाळी बदलताना, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही असतात. महिन्यातून एकदा पूर्ण चमूचा सराव. बाहुली कपाटात कुलपात ठेवू नका. प्रसूतीच्या खोलीला लागून एका कोपऱ्यात, घड्याळ आणि वहीसह उघडी ठेवा. वहीत तारीख, दोघींची नावं, पहिली हवा कितव्या सेकंदाला गेली, एवढंच. प्रत्येक पाळीतून एक सिस्टर सराव घेणारी म्हणून तयार करा. ती सर्वांत ज्येष्ठच असायला हवी असं नाही. जिला दुसरीला दाखवायला आवडतं ती निवडा.

सरावानंतरच्या चर्चेला सरावाच्या दुप्पट वेळ द्या. प्रश्न तीन: काय झालं? तसं का झालं? पुढच्या वेळी वेगळं काय करू? उत्तरं त्यांनी द्यायची. प्रशिक्षकाला बोलायची घाई होते, विशेषतः चूक ढळढळीत असेल तेव्हा. पण शिकणारीनं स्वतः शोधलेली चूक तिच्या लक्षात राहते. कुणाला सगळ्यांसमोर टाकून बोललात, तर पुढच्या सरावाला ती पाळी बदलून घेते.

पायरी ८: परीक्षा आणि मोजमाप

यादी लावून आधी आणि नंतर परीक्षा घ्या. पण यादीतल्या सगळ्या ओळी सारख्या धरू नका. मिनिटाच्या आत हवा जाणं आणि छाती हलणं, या दोन गोष्टी चुकल्या तर बाकी सगळं बरोबर असलं तरी पुन्हा सराव. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि मॅग्नेशियमचा डोस चुकला तरी तेच.

वरिष्ठांना अहवाल देताना किती जणी प्रशिक्षित झाल्या हा आकडा मागितला जाईल. तो द्या, पण त्याच्या शेजारी दर महिन्याला हे आकडे ठेवा: ऑक्सिटोसिन मिनिटाच्या आत किती टक्के बायकांना मिळालं, रक्त किती टक्के वेळा मापलं गेलं, ५०० मिलीच्या वर गेलेल्यांपैकी कितीजणींना सगळे उपाय १५ मिनिटांत सुरू झाले, किती बाळांना बॅग लागली आणि पहिली हवा केव्हा गेली. मापायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत रक्तस्रावाच्या नोंदी वाढतील. घाबरू नका आणि वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा. जे रक्त आधीही जात होतं ते आता दिसायला लागलं आहे.

बदली होऊन आलेल्या प्रत्येक सिस्टरचा पहिला सराव तिच्या पहिल्या आठवड्यात, तिला रात्रपाळीवर एकटं ठेवण्याआधी व्हायला हवा. शिकलेल्या जणी बदलून जातात, त्यामुळे वर्षभरानं पुन्हा पायरी १ करून रजिस्टर तपासा.

सामानाची आवराआवर

सरावाची बॅग आणि मास्क यांना लाल पट्टी चिकटवा. ते खऱ्या बाळाच्या टेबलावर कधीही जाता कामा नयेत. खऱ्या बाळासाठी वापरलेली बॅग प्रत्येक वापरानंतर पूर्ण सुटी करा, साबणाच्या पाण्यानं धुवा, निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे उकळा किंवा निर्जंतुक करा, पूर्ण वाळवा, जोडा आणि तळहातावर पुन्हा तपासा. ओली जोडलेली झडप चिकटते आणि ऐन वेळी हवा जात नाही.

सरावासाठी पाणी भरलेल्या सिरिंजा आणि मुदत संपलेल्या अँप्यूल सुरू करताना मोजून घ्या आणि संपल्यावर मोजून परत घ्या. एकही कमी भरली तर ती सापडेपर्यंत खोली सोडू नका.